काम्पी फ्लेग्रेईची चढती-उतरती जमीन

नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्राला लागून, सुमारे १२ ते १५ किलोमीटर रुंदीचा एक खोलगट मुलूख आहे. त्याचे नाव काम्पी फ्लेग्रेई. व्हेसुव्हियससारखा लांबून नजरेत भरणारा सुळका इथे नाही. लहानमोठी विवरे, गरम पाण्याचे झरे, गंधकाचा वास असलेली वाफ आणि या सगळ्याच्या मधोमध पोत्सुओली हे बंदराचे गाव, असे इथले रूप. हा सगळा मुलूख एक कॅल्डेरा आहे. प्रचंड उद्रेकात भूगर्भातला शिलारस थोड्या काळात बाहेर फेकला गेला, की त्याच्या डोक्यावरचे खडकाचे छत आधार सुटून खाली बसते आणि रुंद द्रोणी तयार होते. तिला कॅल्डेरा म्हणतात. काम्पी फ्लेग्रेईत अशी मोठी पडझड दोनदा झाली, एकदा सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी. त्यानंतर द्रोणीच्या आत अनेक लहान उद्रेक झाले. सर्वांत अलीकडचा १५३८ सालचा. आज या द्रोणीत लाखो माणसे राहतात, शाळा-कॉलेजे चालतात, रेल्वे धावते.

ही जमीन स्वस्थ नाही. ती शतकानुशतके हळूहळू खचते आणि मधूनच काही वर्षे वेगाने वर येते. एका माणसाच्या आयुष्यात तिने जवळजवळ दोन दोन मीटरची उचल दाखवली आहे. ज्वालामुखीच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. जमिनीचा हा चढउतार मात्र मोजता येतो. म्हणूनच भूकंपनोंद आणि वायूंचे रासायनिक परीक्षण यांच्या जोडीने भूपृष्ठाच्या विरूपणाचे मापन हा ज्वालामुखी-निरीक्षणाचा तिसरा खांब मानला जातो. मिलिमीटरपर्यंत अचूक आकडे मिळू लागले तरी त्यांचा अर्थ लावणे अजून अवघड आहे. या विषयाची खरी ओढ आहे ती मापन आणि अर्थ यांमधल्या याच अंतरात.

इथल्या चढउताराची सर्वांत जुनी नोंद दगडावर कोरलेली आहे, आणि ती कोरली शिंपल्यांनी. पोत्सुओलीत रोमन काळातल्या एका बाजारपेठेचे अवशेष १७५० साली उकरून काढले गेले. तिथे सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून त्या जागेला सेरापिसचे मंदिर समजले गेले आणि सेरापियम हे नाव चिकटले ते आजही टिकून आहे. तिथे संगमरवराचे तीन खांब उभे आहेत. जवळ जाऊन पाहिले, तर पायथ्यापासून साधारण साडेतीन मीटर उंचीपर्यंत खांब गुळगुळीत आहेत. त्याच्या वर पावणेतीन मीटरांचा एक पट्टा भोकाभोकांचा आहे. प्रत्येक भोक बोट जाईल एवढे, आतून नासपतीच्या आकाराचे. ती लिथोफागा या समुद्री शिंपल्याने पोखरलेली आहेत. या पट्ट्याच्या वर खांब पुन्हा शाबूत. याचा अर्थ सरळ निघतो. खांबांचा तळ आधी गाळात आणि मातीत पुरला गेला, म्हणून तिथे शिंपल्यांना वाव मिळाला नाही. त्याच्या वरचा भाग दीर्घकाळ समुद्राच्या पाण्यात राहिला. पुढे सगळी जागा खांबांसकट पुन्हा वर आली, आणि एवढ्या उलथापालथीत खांब पडलेसुद्धा नाहीत. चार्ल्स बॅबेज आणि चार्ल्स लायेल या दोघांनीही १८२८ च्या सुमारास हे अवशेष पाहिले. लायेलने १८३० साली आपल्या भूशास्त्रावरील ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचे चित्र छापले, कारण माणसांच्या इतिहासकाळातही जमीन खाली जाऊन परत वर येऊ शकते याचा याहून स्वच्छ पुरावा त्याच्यापाशी नव्हता.

किनाऱ्यावर दुसरीकडे याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. रोमन धनिकांचे बाया हे विलासनगर आणि इ.स.पू. ३७ मध्ये आग्रिप्पाने बांधलेले नाविक बंदर, दोन्हींचे मोठे भाग आज पाण्याखाली आहेत. बायाच्या फरसबंद दालनांवरून आता पाणबुडे पोहतात.

१५३८ च्या उद्रेकाआधी काय झाले हेही कागदोपत्री आहे. १५०३ आणि १५११ सालच्या राजाज्ञांनी समुद्र मागे हटून कोरडी पडलेली जमीन पोत्सुओलीला देऊन टाकली. म्हणजे उद्रेकाच्या तीस-पस्तीस वर्षे आधीपासून किनारा इतका उचलला जात होता, की त्या नव्या जमिनीची मालकी ठरवण्याची वेळ आली. सप्टेंबर १५३८ च्या अखेरीस समुद्र एकाएकी आणखी मागे सरला, उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडू लागले आणि लोक ते गोळा करू लागले. २९ सप्टेंबरला जमीन फुटली. आठवडाभरात त्रिपेर्गोले हे गाव गाडले गेले आणि त्या जागी सुमारे १३० मीटर उंचीची टेकडी उभी राहिली. तिलाच मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर, म्हणतात. ६ ऑक्टोबरला सारे शांत झालेसे वाटून काही जण टेकडीवर चढले आणि शेवटच्या स्फोटात चोवीस माणसे मेली. आधी दशकानुदशके संथ उचल, मग अखेरच्या दिवसांत तिचा झपाटा, हा क्रम आज काम्पी फ्लेग्रेईवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कायमचा वसलेला आहे.

यंत्रांनी मोजणी सुरू झाली ती १९०५ मध्ये. त्या वर्षी इटलीच्या लष्करी भूगोल संस्थेने नेपल्सपासून पोत्सुओलीपर्यंत लेव्हलिंगची पहिली नेमकी रेषा टाकली. आपल्याकडच्या सर्वेक्षकांना ही पद्धत अंगवळणी पडलेली आहे. दोन स्टाफ उभे धरायचे, त्यांच्या मधोमध लेव्हल लावायची, मागचा आणि पुढचा आकडा वाचायचा, वजाबाकी करायची, यंत्र उचलून पुढे जायचे. ज्वालामुखीच्या कामात मात्र एका मिलिमीटरचाही हिशेब द्यावा लागतो. स्टाफची पट्टी उष्णतेने जवळपास न वाढणाऱ्या इन्व्हार धातूची असते. रस्त्यावरच्या तापलेल्या हवेत नजर वाकते म्हणून दोन्ही स्टाफ जवळ ठेवतात आणि यंत्रापासून समान अंतरावर राखतात. फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या बेंचमार्कवर, म्हणजे पक्क्या खुणेवर, परत आल्यावर बेरीज शून्याच्या किती जवळ येते, यावर त्या दिवसाच्या कामाची किंमत ठरते. मूळ बेंचमार्क कॅल्डेऱ्याच्या बाहेर, नेपल्समध्ये, स्थिर समजल्या जाणाऱ्या खडकावर आहे. तो हलला तर पुढचे सगळे आकडे त्याच्याबरोबर हलतात, म्हणून त्याची निवड हा या कामातला सर्वांत जबाबदारीचा निर्णय ठरतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रेषेने एकच गोष्ट सांगितली: जमीन खचते आहे, वर्षाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. सेरापियमच्या फरशीवर पाणी साचू लागले होते. मग १९६९ च्या शेवटी वारे फिरले. बंदराचा धक्का पाण्यापासून वर गेल्याचे आणि जुन्या घरांना तडे गेल्याचे आधी तिथल्या माणसांच्या लक्षात आले, नंतर मोजणीने त्याला दुजोरा दिला. २ मार्च १९७० रोजी समुद्रावर झुकलेल्या रिओने तेरा या पोत्सुओलीच्या सर्वांत जुन्या वस्तीतून सुमारे तीन हजार लोकांना हलवण्यात आले. १९७२ पर्यंत जमीन सुमारे १.७ मीटर वर आली, थोडी खाली बसली आणि थांबली. १९८२ मध्ये ती पुन्हा उठली. १९८४ पर्यंत आणखी सुमारे १.८ मीटर. या वेळी भूकंपही आले, दोन वर्षांत सुमारे १६ हजार, बहुतेक लहान; ४ ऑक्टोबर १९८३ चा धक्का मात्र ४.० तीव्रतेचा होता. सुमारे ४० हजार लोक घराबाहेर पडले आणि त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो ही नवी वसाहत बांधली गेली. उद्रेक झाला नाही. बंदरातल्या होड्या चिखलात टेकल्या आणि जहाजांना लागण्यासाठी जुन्या धक्क्याच्या खाली नवा धक्का बांधावा लागला.

१९८५ नंतर जमीन सुमारे ०.९ मीटर खाली आली. अधूनमधून काही सेंटिमीटरांच्या छोट्या उचली येत होत्या, पण एकूण कल उताराचाच. २००५ मध्ये तो पालटला, आणि आजची उचल तेव्हापासूनची आहे. २०२२ मध्ये जमिनीने १९८४ ची कमाल पातळी ओलांडली. २०२५ च्या मध्यापर्यंत रिओने तेराची २००५ पासूनची उचल १.४ मीटरच्या घरात गेली. वेग सारखा बदलतो: २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्याला सुमारे ३ सेंटिमीटर होता, नंतर निम्म्यावर आला. भूकंपांची तीव्रताही चढत गेली. २७ सप्टेंबर २०२३ ला ४.२, २० मे २०२४ ला ४.४, १३ मार्च २०२५ आणि ३० जून २०२५ ला प्रत्येकी ४.६. मागची लाट दोन वर्षांत उसळली आणि थांबली; ही वीस वर्षे चालू आहे. अशा चिवट हालचालीला वर्षातून एक-दोनदा घेतलेली लेव्हलिंग पुरत नाही.

ती उणीव सततच्या यंत्रांनी भरून काढली. १८४१ मध्ये स्थापन झालेली आणि आता इटलीच्या राष्ट्रीय भूभौतिकी व ज्वालामुखीशास्त्र संस्थेचा भाग असलेली व्हेसुव्हियस वेधशाळा हे काम पाहते. कॅल्डेऱ्यात ठिकठिकाणी जीपीएसचे कायमचे अँटेना इमारतींच्या गच्च्यांवर आणि खडकावर बसवलेले आहेत. जीपीएसचा मोठा गुण असा, की तो उंचीबरोबर आडवी सरकही सांगतो. पोत्सुओलीच्या आसपासचे बिंदू वर जातात आणि त्याच वेळी केंद्रापासून चहूकडे दूर सरकतात. नकाशावर या सरकेचे बाण पाहिले की फुगवट्याचा मध्य कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल. बंदरांतले भरतीमापक समुद्राच्या तुलनेत जमीन किती उठली ते दाखवतात. पोत्सुओलीच्या नोंदीतून नेपल्सची नोंद वजा केली की भरती-ओहोटी आणि हवेचा दाब गळून पडतो आणि उरते ती जमिनीची हालचाल. कलमापक जमिनीचा तिरपेपणा मोजतात. एक किलोमीटर लांबीच्या रेषेचे एक टोक एका मिलिमीटरने वर गेले तर जो कल होतो, तो एक मायक्रोरेडियन. ही यंत्रे त्याहूनही बारीक कल टिपतात. पाऊस आणि ऊनसुद्धा त्यांना जाणवते, म्हणून ती शक्यतो विहिरीत किंवा बोगद्यात खोल ठेवतात.

खरी क्रांती आली ती अवकाशातून. रडार उपग्रह जमिनीकडे लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरीची कला, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, नोंदवतो. त्याच कक्षेतून काही दिवसांनी पुन्हा घेतलेल्या प्रतिमेशी ही कला ताडून पाहिली, की जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते ठिपक्याठिपक्याला कळते. युरोपीय सेंटिनेल-१ उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरची आहे. लहर जाते आणि परत येते, म्हणून कलेतल्या फरकाच्या रंगीत नकाशात रंगाचा एक पूर्ण पट्टा म्हणजे २.८ सेंटिमीटरची सरक. १९९५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी एटना ज्वालामुखी उद्रेकाच्या अखेरच्या काळात खाली बसल्याचे या पद्धतीने दाखवले आणि ज्वालामुखीशास्त्राला नवा डोळा मिळाला. २००० नंतर मिलानमध्ये आणि नेपल्समध्येच शेकडो प्रतिमा एकत्र गुंफून वर्षानुवर्षांचा आलेख काढण्याच्या पद्धती घडल्या. काम्पी फ्लेग्रेई त्यासाठी आदर्श जागा ठरली: दाट वस्ती, गच्च्या, धक्के, पूल, सगळीकडे रडारला ठळक आणि टिकाऊ परावर्तन देणाऱ्या वस्तू. झाडी असलेल्या भागात मात्र पाने हलतात, कला विस्कटते आणि नकाशात भोके पडतात. अशा ठिकाणी लांब लहर उपयोगी पडते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने सोडलेला निसार उपग्रह याच कामाचा आहे. त्यावर नासाचे सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे एल-पट्ट्यातले आणि इस्रोचे एस-पट्ट्यातले, अशी दोन रडारे आहेत आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागी परत येतो. जगातल्या कित्येक ज्वालामुखींवर आजही एकही यंत्र बसवलेले नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

रडारला एक जागा मात्र कधीच दिसणार नाही, ती म्हणजे समुद्राचा तळ. काम्पी फ्लेग्रेईचा मोठा भाग पोत्सुओलीच्या आखातात बुडालेला आहे आणि फुगवट्याचा अर्धा आकार तिथे दडतो. म्हणून आखातात तळाशी नांगरलेले चार तराफे उभे केले आहेत. तळावरचे दाबमापक पाण्याचा भार मोजतात. तळ एक सेंटिमीटर वर आला की त्याच्यावरचे पाणी तेवढेच कमी होते आणि दाब घटतो. लाटा, भरती आणि हवामान यांच्या गोंगाटातून तो एवढासा फरक वेचून काढणे हे अतिशय चिकाटीचे काम आहे.

एवढी आकडेवारी हातात आल्यावर प्रश्न उरतो: खाली काय ढकलते आहे? १९५८ मध्ये कियो मोगी या जपानी शास्त्रज्ञाने साकुराजिमा आणि किलाउएआ इथल्या मोजण्यांवरून एक साधे गणित मांडले. लवचिक जमिनीच्या पोटात एक लहान गोल, आणि त्यात दाब वाढतो, एवढेच त्याने गृहीत धरले. यातून पृष्ठभागाच्या फुगवट्याचा आकार मिळतो, आणि गोल जितका खोल तितका फुगवटा पसरट. केंद्रापासून खोलीच्या सुमारे ०.७७ पट अंतरावर उचल निम्म्यावर येते. म्हणजे गोल तीन किलोमीटर खोल असेल तर सव्वादोन-अडीच किलोमीटरवर. काम्पी फ्लेग्रेईची आकडेवारी या हिशेबात घातली की उत्तर तीन-चार किलोमीटरच्या आसपास येते. पुढे गोलाऐवजी चकती, फट, अनेक थरांचा खडक असे सुधारलेले आराखडे आले, पण साठ वर्षांनंतरही पहिला हात मोगीच्या सूत्रालाच घातला जातो.

या सूत्राला दाब कळतो, दाब कशाचा ते कळत नाही. शिलारस वर सरकला तरी जमीन फुगते, आणि खोलवरच्या शिलारसातून सुटलेला वायू व उकळते पाणी वरच्या थरात कोंडले तरी जमीन फुगते; तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटतो तो वाफेनेच. सोल्फातारा विवर आणि त्याच्या कडेची पिश्शारेल्ली इथली वाफमुखे दररोज हजारो टन कार्बन डायऑक्साइड ओकतात, म्हणून दुसऱ्या शक्यतेला बळ मिळते. २०१५ मध्ये तित्सियाना व्हानोरिओ आणि सहकाऱ्यांनी इथल्या जुन्या खोल विहिरींतून काढलेला खडक तपासला. त्यात त्यांना रोमन काँक्रीटसारखा तंतुमय खनिजांचा बंध आढळला. हे झाकण ताणले जाते, सहज फुटत नाही, आणि त्यामुळे खालचा दाब इतकी उचल घडवू शकतो. या वादात गुरुत्वमापन मदतीला येते. जमीन एक सेंटिमीटर उचलली की केवळ उंचीमुळे गुरुत्व सुमारे ३ मायक्रोगॅलने घटते. प्रत्यक्ष घट त्याहून कमी भरली, तर खाली नवे वस्तुमान आले असे समजायचे. आणि ते जड शिलारस आहे की हलके पाणी-वायू, हे घट किती कमी भरली यावरून अजमावायचे. तरीही निवाडा एकमुखी लागत नाही.

इतर कॅल्डेऱ्यांकडे पाहिले की सावधगिरी आणखी वाढते. कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅलीची जमीन १९८० च्या सुमारापासून सुमारे ८० सेंटिमीटर उचलली, उद्रेक झालेला नाही. गालापागोसमधल्या सिएरा नेग्राची जमीन २००५ ते २०१८ या काळात तब्बल साडेसहा मीटर फुगली आणि जून २०१८ मध्ये लाव्हा बाहेर पडला. पापुआ न्यू गिनीतले राबाउल १९८३ ते १९८५ मध्ये भूकंपांनी आणि उचलीने हादरले, पण तेव्हा काही झाले नाही. १९ सप्टेंबर १९९४ ला मात्र दोन बाजूंनी उद्रेक झाला, आणि त्याआधी भूकंपांचा इशारा मिळाला तो जेमतेम २७ तासांचा. १९८३ च्या संकटात झालेल्या सरावामुळे लोकांनी शहर वेळीच सोडले, म्हणून प्राणहानी थोडकी राहिली.

काम्पी फ्लेग्रेईबद्दल एक गंभीर मत असे आहे की तिथल्या उचली स्वतंत्र समजू नयेत. किलबर्न, दे नाताले आणि कार्लिनो यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० नंतरच्या सगळ्या उचलींचा ताण खडकात साठत गेला असावा आणि खडक लवचिक ताणाच्या अवस्थेतून तुटण्याच्या अवस्थेकडे सरकतो आहे. तसे असेल तर तेवढ्याच उचलीला पूर्वीपेक्षा अधिक भूकंप व्हायला हवेत, आणि २०२३ पासूनची वाढती भूकंपसंख्या त्या अपेक्षेशी जुळते. म्हणून उचल किती झाली यापेक्षा उचलीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे भूकंप किती वाढले, या गुणोत्तराकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे दिसते.

या सगळ्याचा उपयोग निर्णयासाठी व्हायचा असतो. काम्पी फ्लेग्रेईसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशाऱ्याचे चार टप्पे आहेत. डिसेंबर २०१२ पासून पिवळा लागू आहे. वेधशाळा दर आठवड्याला आपले निवेदन जाहीर करते आणि त्यात रिओने तेराच्या जीपीएसचा आलेख असतो. पोत्सुओलीचे सामान्य रहिवासीही तो आवर्जून पाहतात. टप्पा एकट्या विरूपणावर बदलत नाही. भूकंप, वायू आणि तापमान यांचे पुरावे एकत्र तोलले जातात आणि तज्ज्ञांच्या आयोगाच्या सल्ल्याने नागरी संरक्षण विभाग ठरवतो. लाल टप्पा आला तर सुमारे पाच लाख लोकांना हलवण्याची योजना तयार आहे.

परंतु उद्रेक न होताही जमिनीची उचल घरे मोडते, आणि हा धोका रोजचा आहे. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीच्या सरकारने एक स्वतंत्र अध्यादेश काढला. जमीन कुठे किती उचलली आणि भूकंप कुठे होतात, या दोन नकाशांच्या आधारे हस्तक्षेपाचे क्षेत्र आखले गेले. त्या क्षेत्रातल्या इमारतींची भूकंप-सक्षमता तपासणे, दुर्बल घरांना आधार देणे, पाण्याचे आणि गॅसचे नळ व रस्ते यांच्या नाजूक जागा शोधणे, हे काम तेव्हापासून सुरू आहे. कोणत्या गल्लीतल्या घराची तपासणी आधी करायची, हे त्या गल्लीच्या बेंचमार्कने आणि तिच्या गच्चीवरून परतलेल्या रडारच्या लहरीने ठरते.